जुन्या मारुती ८०० चा जाम झालेला ॲक्सल: पिनेपासून प्रेसपर्यंत

रत्नागिरीत आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खिडकीची गजं दर दोन वर्षांनी रंगवावी लागतात, तर गाडीच्या पोटाखाली काय होत असेल याची कल्पना करा. बाबांची १९९६ सालची मारुती ८०० पत्र्याच्या शेडमध्ये सहा पावसाळे उभी होती. ती चालू केली तेव्हा इंजिन बिचारं लगेच लागलं. पण वळण घेतलं की पुढच्या डाव्या चाकातून कट-कट-कट आवाज यायचा. सीव्ही जॉइंट म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणारा ॲक्सलचा सांधा. त्याचं रबरी बूट, म्हणजे वरचं आवरण, फाटलं होतं, आतलं ग्रीस वाहून गेलं होतं आणि जॉइंट वाजत होता. काम साधं: ॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा फिरता दांडा, बाहेर काढायचा, जॉइंट आणि बूट बदलायचं, परत बसवायचं. हात बसलेला फिटर हे अर्ध्या दिवसात करतो. मला नऊ दिवस लागले, कारण पिन निघेना, मग नट सुटेना, आणि नट सुटल्यावर ॲक्सल हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागातून, केसभर हलेना.

त्या नऊ दिवसांतले निदान सहा तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय. उदाहरण मारुती ८०० चं आहे, कारण डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत ही गाडी बनत होती आणि अजूनही आपल्याकडे गावोगाव अंगणात उभी दिसते. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत रचना अशीच असते.

१. आधी ओळखा, नक्की काय अडकलंय

पुढच्या चाकाच्या मधली टोपी काढली की मोठा नट दिसतो. त्याच्या तोंडाला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात, म्हणून त्याला कॅसल नट म्हणतात. खाचेतून आरपार गेलेली, टोकं वळवलेली दुपदरी तार म्हणजे स्प्लिट पिन. नट आपोआप सुटू नये म्हणून ती असते. काही गाड्यांत पिन नसते. तिथे नटाचा पातळ काठ ॲक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेला असतो. तो आधी बारीक छिन्नीने उचलावा लागतो आणि असा नट परत वापरायचा नसतो.

नटाच्या मागे ॲक्सलचं दातेरी टोक हबच्या दातेरी भोकात बसतं. खरी भांडणाची जागा ती. चाकाच्या मधून खारं पाणी तिथे शिरतं आणि दात्यांमध्ये गंज धरतो. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. म्हणजे दोन भागांमधली फट गंजाने नुसती भरत नाही, तो आतून पाचरीसारखा दाबत राहतो. प्रत्येक दात्याच्या दोन्ही बाजूंना अशी पाचर असते. म्हणून नुसता जोर लावून काही होत नाही.

याशिवाय तीन जागा हटकून अडतात: टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक), बॉल जॉइंटचा (चाकाखालच्या गोल सांध्याचा) बोल्ट आणि ॲक्सलचं गिअरबॉक्सकडचं टोक. तिघांचे स्वभाव वेगळे आहेत, त्यांच्याकडे क्रमाने येऊ.

२. हत्यारं आणि सामान

काम सुरू करण्याआधी एवढं हाताशी असू द्या. अर्ध्यात गाडी उघडी टाकून बाजारात पळणं सगळ्यात त्रासाचं.

— जॅक, आणि त्याशिवाय दोन भक्कम स्टँड. मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे.
— हब नटाच्या मापाचा सहा कोनी सॉकेट. बारा कोनी नको, गंजलेल्या नटाचे कोपरे तो खाऊन टाकतो. माप अंदाजाने घेऊ नका, मापाच्या कॅलिपरने मोजा.
— जाड टॉमी (सॉकेट फिरवायचा दांडा) आणि तिच्यावर चढेल असा साधारण एक मीटर लांबीचा लोखंडी पाइप.
— नोज प्लायर, साधी पकड, बारीक पंच, छिन्नी, कानस, वायर ब्रश.
— एक किलोचे दोन हातोडे. दोन का, ते पुढे कळेल.
— पितळेचा किंवा तांब्याचा गोल तुकडा, वीतभर लांब.
— गंज सोडवणारं तेल, मिळालं तर फवाऱ्याच्या डब्यात.
— हब पुलर. नसेल तर तो बनवून घ्यायची युक्ती आठव्या पायरीत आहे.
— नवीन स्प्लिट पिना, नवीन हब नट, गिअरबॉक्सचं ऑइल सील, अंगठी-सर्क्लिप (खाचेत बसणारी तारेची कडी), गिअर ऑइल.
— जाड हातमोजे आणि चष्मा. चष्मा विसरू नका. गंजाचे कपचे थेट डोळ्याच्या दिशेने उडतात.

मोबाइलही जवळ ठेवा, फोटोंसाठी. प्रत्येक भाग सोडण्याआधी एक फोटो काढा. आठवड्याने वायसर कुठल्या बाजूला होता ते आठवत नाही.

३. आदल्या रात्रीचं काम

या पायरीला अर्धा तास लागतो आणि शंभरातले नव्याण्णव लोक ती गाळतात. दुसऱ्या दिवशी सोडायचा असेल तो प्रत्येक नट-बोल्ट आदल्या संध्याकाळी वायर ब्रशने घासून काढा. वरचा मातीचा, डांबराचा आणि जुन्या ग्रीसचा थर गेला नाही तर तेल वरच्या वर बसून राहतं. मग तेल सोडा आणि हातोड्याने हलकेच दहा-पंधरा टिचक्या द्या. ठोकण्याने गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल त्यांतून आत उतरतं. रात्री झोपण्याआधी आणि सकाळी उठल्यावर पुन्हा तसंच करा.

आमच्या इथले जुने फिटर डिझेल वापरतात, आणि ते वाईट नाही, फक्त वेळ जास्त घेतं. पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं आणि ॲसिटोन निम्मं असं मिश्रणही चांगलं उतरतं. मात्र ॲसिटोन लगेच पेट घेतो, रंग उतरवतो आणि सारखं ढवळलं नाही तर तेलापासून वेगळा होतो. कुठलंही तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर पडू देऊ नका. तिथे आधी जुनं फडकं गुंडाळा.

४. स्प्लिट पिन

पिन म्हणजे काय एवढीशी तार, असं मला वाटलं होतं. तिने माझा पहिला अख्खा दिवस खाल्ला.

करायचं असं. आधी वळवलेली दोन्ही टोकं पकडीने सरळ करा. गंजलेलं टोक सरळ करतानाच तुटतं. तुटलं तर घाबरू नका, उलट सोपं होतं. मग पिनेच्या डोक्याच्या डोळ्यात नोज प्लायरचं एक टोक घाला आणि नटाच्या कडेवर प्लायर टेकवून तरफेसारखा वळवा. सरळ ओढू नका. सरळ ओढलं की डोकं उपटून येतं आणि पिनेचे पाय भोकातच राहतात.

माझं तेच झालं. डोकं हातात, पाय आत. मग दोन्ही बाजूंनी तेल, टिचक्या, परत तेल. भोकाहून किंचित बारीक पंच घेऊन, टोकं होती त्या बाजूने ठोकायचं, म्हणजे पिन आली तशीच मागे जाते. तेही जमलं नाही तर पिनेच्या मापाहून थोडं बारीक ड्रिल घ्या आणि मधोमध, हळू वेगाने भोक पाडत जा. पिन मऊ लोखंडाची असते, ॲक्सल टणक असतो, त्यामुळे ड्रिल सरळ धरलं तर ते पिनेतच राहतं. तिरकं गेलं की नटाचे आटे खराब होतात.

एक शेवटचा उपाय आहे, पण तो नवीन नट हातात असेल तरच करा. पिन आत असतानाच नटावर सॉकेट चढवून पूर्ण जोर द्यायचा. गंजून बारीक झालेली पिन कातरली जाते आणि नट फिरतो. मात्र कातरलेल्या पिनेचा तुकडा आट्यांमध्ये फसून ॲक्सलचे आटे ओरबाडतो. मी एका बाजूला हे केलं आणि नंतर त्या आट्यांवर बारीक कानस फिरवत दोन तास बसलो.

५. नट सोडवा, पण चाक जमिनीवर असतानाच

गाडी उचलल्यावर हब नट सोडायला जाऊ नका. वर उचललेलं चाक फिरतं, गाडी हलते, आणि त्या झटक्यात ती स्टँडवरून घसरू शकते. चारही चाकं जमिनीवर, मागच्या चाकांना ठोकळे, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि घरातल्या कुणालातरी ब्रेकवर पाय दाबून बसवा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, म्हणून पायाचा ब्रेक हवाच.

आता टॉमीला एक मीटरचा पाइप लावा. साठ किलोचा माणूस त्याच्या टोकावर भार टाकतो तेव्हा नटावर जवळजवळ सहाशे न्यूटन मीटर एवढा पीळ पडतो. नट घट्ट करायला लागतो त्याच्या कितीतरी पट हा जोर आहे. म्हणून हिसका देऊन उड्या मारू नका. हळूहळू भार वाढवत न्या. नट सुटतो तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो आणि पाइप एकदम खाली जातो. तुमचा पाय त्याच्याखाली नसावा.

सुटत नसेल तर आधी उलट, म्हणजे घट्ट करायच्या दिशेने, किंचित हलवून बघा. गंजाची पकड तुटायला दिशा कुठलीही चालते. आणि दिशा नक्की करूनच जोर लावा. जुन्या विलीस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत. असा उलटा नट नेहमीच्या दिशेने सोडायला गेलात तर तुम्ही तो आणखी आवळत असता आणि स्टड तुटतो.

नट फक्त ढिला करा, काढू नका. चाकाचे चार नटही याच वेळी अर्धा फेरा ढिले करून ठेवा.

६. गाडी उचलणं

मी एकच गोष्ट सांगतो आणि ती मनापासून सांगतो: जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. हातही घालू नका. जॅक उचलायला असतो, पेलायला नाही. गाडी उचलली की चेसिसच्या मजबूत जागेखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावा, जॅक काढा, गाडी हाताने जोरात हलवून बघा, आणि मगच चाक काढा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. काही चुकलंच तर गाडी त्या चाकावर टेकेल. जाम भाग सोडवताना आपण हातोडे मारणार, पाइपने ढकलणार, म्हणजे गाडीला सतत धक्के बसणार. कोकणातली लाल माती पावसानंतर वरून कडक आणि आतून मऊ असते. स्टँडखाली जाड फळी टाका.

७. टाय रॉड आणि बॉल जॉइंट

ॲक्सल बाहेर यायला नकल, म्हणजे हबला धरून ठेवणारा आणि चाकासोबत वळणारा लोखंडी भाग, बाहेरच्या बाजूला वळायला हवी. त्यासाठी दोन सांधे सोडायचे.

टाय रॉड एंडचा खुंट निमुळता असतो, नकलच्या हाताच्या निमुळत्या भोकात आवळून बसलेला. नट काढल्यावर लोक खालून हातोडा मारतात आणि आटे चपटे करतात. इथे दोन हातोडे लागतात. नट दोन आटे शिल्लक ठेवून ढिला करा. एक हातोडा नकलच्या डोळ्याच्या, म्हणजे त्या भोकाभोवतीच्या कड्याच्या, एका बाजूला टेकवून धरा आणि दुसऱ्याने बरोबर समोरून दणका द्या. खुंटावर मारायचं नाही, डोळ्यावर मारायचं. दणक्याने डोळा क्षणभर लांबट होतो आणि खुंट उडी मारून सुटतो. मला हे गॅरेजवाल्या काकांनी दाखवलं. मी अर्धा तास खालून ठोकत होतो, त्यांनी तीन दणक्यांत सोडवलं.

बॉल जॉइंटचं वेगळं. तिथे खुंट नकलच्या चिरलेल्या भोकात बसतो आणि आडवा बोल्ट ती चीर आवळतो. हा बोल्ट खुंटाच्या खाचेतूनही जातो, म्हणून नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. नट काढल्यावर लगेच ठोकू नका. डोक्याला पाना लावून बोल्ट थोडा पुढे, थोडा मागे, असा जागच्या जागी फिरवत तेल सोडत राहा. तो सहज फिरायला लागला की पंचने सरकवा. न फिरणारा बोल्ट ठोकलात तर तो आत फुगतो, आणि मग ड्रिलशिवाय मार्ग उरत नाही. बोल्ट निघाल्यावर चिरेत छिन्नी हलकीशी बसवा, खुंट खाली सरकेल. छिन्नी जोराने ठोकली तर नकलचं ते कान चिरतं आणि अख्खी नकल बदलावी लागते.

८. हबमधून ॲक्सल सोडवणं

आता मुख्य कामाकडे. नशीब असेल तर इथे नकल हाताने बाहेर ओढली की ॲक्सल सरकून येतो. नसेल तर पुढचं वाचा.

पहिली चूक मी केली ती सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. मी नट काढून टाकला आणि ॲक्सलच्या टोकावर एक किलोच्या हातोड्याने थेट मारलं. पाच-सहा घाव घातले. टोक अळंबीसारखं पसरलं, पहिले तीन आटे दबले, आणि नवा नट चढेना. शेवटी ते टोक लेथवर नीट करून घ्यावं लागलं.

बरोबर रीत अशी. जुना नट उलटा करून चढवा. खाचा आतल्या बाजूला, सपाट तोंड बाहेर, आणि नटाचं तोंड ॲक्सलच्या टोकाशी बरोबर एका पातळीत. आता घाव नट आणि ॲक्सल दोघांवर वाटला जातो. त्यावर पितळी तुकडा धरा आणि त्याच्यावर हातोडा मारा. पितळ लोखंडाहून मऊ, ते स्वतः चेपतं आणि आटे वाचतात. पाच-सात नेमके घाव घाला. इतक्यात हलला नाही तर थांबा. यापुढचा प्रत्येक घाव आतल्या सीव्ही जॉइंटच्या गोळ्यांवर, हबच्या बेअरिंगवर आणि पलीकडे गिअरबॉक्सवर जातो.

मग पुलर. पुलर चाकाच्या स्टडना धरतो आणि मधला स्क्रू ॲक्सलला आत ढकलतो. धक्का न देता एकसारखा दाब, म्हणून हे ठोकण्यापेक्षा कधीही चांगलं. माझ्याकडे पुलर नव्हता. आमच्या इथल्या ग्रिलच्या कारखान्यात बारा मिलिमीटर जाड पट्टीचा तुकडा घेतला, चाकाच्या स्टडच्या अंतरावर भोकं पाडली, मधोमध भोक पाडून त्याच्या मागे मोठा नट वेल्ड केला आणि त्यातून लांब, बारीक आट्यांचा बोल्ट घातला. पट्टी स्टडवर चाकाच्याच नटांनी आवळायची, मधला बोल्ट ॲक्सलच्या टोकावर टेकवून फिरवायचा. ॲक्सलच्या टोकाला मध्यावर बारीक खळगा असतो, बोल्टचं टोक त्यात बसेल असं निमुळतं करा, नाहीतर ते घसरतं. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा.

हब नट ॲक्सलवर चार-पाच आटे राहू द्या. ॲक्सल सुटतो तेव्हा एकदम सुटतो. नट असला तर तो हबवर अडतो, आणि ॲक्सल आत जाऊन बूट फाटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दाब द्या आणि सोडून द्या. बोल्ट घट्ट आवळा, दात्यांच्या फटीत तेल सोडा, हबच्या कडेवर चारी बाजूंनी टिचक्या द्या, आणि चहा प्यायला जा. अर्ध्या तासाने येऊन बोल्ट पाव फेरा आणखी आवळा. परत तेल, परत टिचक्या. संध्याकाळ झाली तर दाब तसाच ठेवून झोपा. आमच्याकडे तिसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला अंगणातून टण्ण असा आवाज आला. आईला वाटलं नारळ पत्र्यावर पडला. बॅटरी घेऊन बघतो तर ॲक्सल दोन मिलिमीटर आत सरकलेला, आणि दात्यांच्या कडेने तपकिरी गंजाची ताजी रेघ. पहिले दोन मिलिमीटर सुटले की बाकीचं दहा मिनिटांचं काम राहतं.

एक सापळा: चार स्टडपैकी दोघांवरच पट्टी आवळू नका. भार एकीकडे जातो आणि हब तिरका खेचला जातो. आणि पुलरच्या अगदी समोर बसू नका, बाजूला बसून पाना फिरवा.

९. ज्योत: कधी आणि कशी

लोखंड तापलं की फुगतं. पंचवीस मिलिमीटरचं भोक दोनशे अंशांनी तापलं तर सुमारे ०.०६ मिलिमीटर मोठं होतं. हे अंतर साधारण केसाच्या जाडीचं, पण गंजाची पकड तोडायला तेवढं पुरतं. म्हणून तापवायचा तो हब, ॲक्सल नाही. ज्योत हबच्या बाहेरच्या कडेवर गोल फिरवत ठेवा. दोन्ही एकत्र तापले तर दोन्ही सारखेच फुगतात आणि मेहनत वाया जाते. गरम असतानाच पुलरचा बोल्ट आवळा.

गरम सांध्याला साधी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून फटीत ओढलं जातं आणि थंड झाल्यावरही आत राहून वंगणाचं काम करतं. तेलाचा फवारा मात्र गरम भागावर मारू नका, तो पेटतो.

नियम कडक आहेत. गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर ज्योत पेटवूच नका, सरळ दहाव्या पायरीवर जा. जुन्या ८०० मध्ये किट असणं अगदी नेहमीचं आहे. पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा रबरी होज, शॉकॲब्सॉर्बर यांच्याजवळ ज्योत न्यायची नाही. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत कधीच नको. क्लोरीन असलेला क्लीनर तापला की त्यातून विषारी वायू निघतो. बाजूला पाण्याची बादली, वाळू, आणि मिळालं तर अग्निशामक ठेवा. आणि हब तापवला म्हणजे आतल्या बेअरिंगचं ग्रीस आणि सील गेलं असं धरून चाला. दोन्ही नवीन घ्या.

१०. तरीही नाही निघाला तर

यात कमीपणा नाही. ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) काढून तारेने वर बांधा. होजवर लोंबकळू देऊ नका. शॉकॲब्सॉर्बरला नकल धरून ठेवणारे दोन बोल्ट काढा. गिअरबॉक्सकडचं टोक पुढच्या पायरीत सांगितल्याप्रमाणे सोडवा. आता नकल, हब आणि ॲक्सल असा सगळा जुडगा एकत्र बाहेर येतो. तो उचलून लेथवाल्याकडे किंवा बेअरिंग बसवणाऱ्या दुकानात न्या. त्यांच्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो. मी उजव्या बाजूचाही ॲक्सल काढला, तो असाच सुटला. प्रेसवर दोन मिनिटं गेली आणि काम झालं. डाव्या बाजूला मी हेच आधी केलं असतं तर चार दिवस वाचले असते. तुमच्याकडे पुलर नसेल आणि बनवणारं कुणी जवळ नसेल, तर माझं मत असं की ज्योतीच्या वाटेला न जाता सरळ हा मार्ग धरा.

११. गिअरबॉक्सकडचं टोक

आधी गिअर ऑइल काढून घ्या, नाहीतर ॲक्सल निघताच ते अंगावर येईल. तेल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतोय ना, ते बघा. काढायचा सुटला आणि भरायचा जाम निघाला तर गाडी जागच्या जागी अडकते.

आतलं टोक अंगठी-सर्क्लिपने धरलेलं असतं. टायर काढायची पहार किंवा जाड सपाट सळई गिअरबॉक्स आणि जॉइंट यांच्यामध्ये घालून एक नेमका झटका द्या. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, कडा फुटू नये म्हणून पहारीखाली पातळ लाकूड ठेवा. ॲक्सलचा दांडा धरून ओढू नका. ओढलं की जॉइंट आतच राहतो, बूट निसटतं आणि आतली तीन रोलरं मोकळी होतात. ॲक्सल बाहेर येताना त्याच्या दातेरी टोकाने सीलचे ओठ कापले जातात, म्हणून खालून हाताने आधार द्या. दोन्ही बाजूंच्या ॲक्सलची लांबी सारखी नसते. दोन्ही एकदम काढले तर लगेच खडूने डावा-उजवा लिहून ठेवा.

१२. मागचे ड्रम आणि किंगपिन

हे ओघात सांगतो. मागचा ड्रम निघत नसेल तर हँडब्रेक सोडा, केबल ढिली करा, आणि ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं आहेत का बघा. त्यांत आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलात की ड्रम स्वतःच बाहेर येतो.

ज्यांची गाडी सरळ लोखंडी ॲक्सलची आहे, जुना टेम्पो किंवा ट्रक, त्यांच्याकडे किंगपिन, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं ती जाड उभी पिन, जाम होते. तिथे ठोकण्याआधी लॉक पिन शोधा. ॲक्सलच्या डोळ्यात आडवी बसलेली, एका बाजूने निमुळती ही छोटी पिन किंगपिनेच्या खाचेत अडकलेली असते. ती ज्या बाजूला बारीक असते किंवा जिथे तिचा नट असतो, त्या बाजूने ठोकून काढा. मग वरची-खालची झाकणं काढा. लॉक न काढता घणाने ठोकत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पिन वाकते, आणि मग डोळा कापण्याशिवाय उपाय राहत नाही.

१३. परत बसवताना

हा भाग घाईत उरकू नका, कारण पुढच्या दहा वर्षांनी पुन्हा तुम्हीच हे उघडणार आहात.

हबचे आणि ॲक्सलचे दाते वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. दात्यांवर मॉलिब्डेनमचं ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट पातळ थरात लावा. जास्त लावलं तर ते फिरून ब्रेक डिस्कवर उडतं. ऑइल सील नवं, अंगठी नवी, हब नट नवा. ॲक्सल गिअरबॉक्समध्ये बसला की खट् असा आवाज येतो. आल्यावर हाताने हलकं ओढून बघा, बाहेर यायला नको. बॉल जॉइंटचा बोल्ट घालताना खुंटाची खाच बोल्टसमोर आली आहे ना, ते पाहा. बोल्ट हाताने आत गेला पाहिजे, ठोकावा लागला तर खाच चुकली आहे. टाय रॉडच्या नटालाही पिन असेल तर ती नवीन घाला.

हब नट टॉर्क पान्याने, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतका आवळा, आणि तो चाक जमिनीवर टेकल्यावर. मात्र नट नीट आवळल्याशिवाय गाडी चाकावर ढकलू नका. हबचं बेअरिंग त्या नटाच्या दाबावर असतं, ढिल्या नटावर गाडी पुढे-मागे सरकली तर ते खराब होतं. नटाची खाच पिनेच्या भोकासमोर आली नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा. मागे सोडून जुळवू नका.

गिअर ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं भरा, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. ब्रेक पेडल दोन-चार वेळा दाबून टणक झालं की गल्लीत हळू फेरी मारा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कट-कट थांबली का ते ऐका. शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा तपासा आणि गिअरबॉक्सच्या सीलखाली कोरडा कागद टाकून रात्रभर ठेवा. सकाळी त्यावर तेलाचा थेंब दिसला तर सील तिरकं बसलं आहे, आणि तेवढी एकच बाजू परत उघडावी लागेल.

स्प्लिट पिनेचं एक टोक नटावर वर आणि दुसरं खाली नीट वळवा, उरलेलं कापून टाका, मधल्या टोपीत बोटभर ग्रीस भरा आणि ती ठोकून बसवा. आमच्या खाऱ्या वाऱ्यात ती टोपी नसलेली गाडी मी आता कुठेही दिसली तरी मालकाला थांबवून सांगतो.